मोडलेले हाड आणि थकलेले हाड : कोल्हापूरच्या अस्थिचिकित्सेचा मागोवा

कोल्हापुरात मोडलेले हाड बसवण्याची विद्या दवाखान्यांपेक्षा जुनी आहे. ती जितकी वैद्यांच्या घरात वाढली, तितकीच तालमींच्या लाल मातीत वाढली. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, मठ या तालमींमध्ये रोज पहाटे जोर-बैठका आणि लढती चालत. तिथे कुणाचा खांदा निखळे, कुणाचे मनगट मुरगळे, कुणाचा घोटा लचके. अशा वेळी पहिला हात लावायचा तो वस्तादाने. वर्षानुवर्षे पठ्ठ्यांची अंगे चोळून आणि सांधे चाचपून वस्तादाच्या बोटांना शरीराची ओळख झालेली असे. कातडीखाली हाडाचे टोक कुठे सरकले आहे, कोणत्या दिशेने ओढ दिली की ते जागेवर जाईल, हे त्याला पाहण्याआधी स्पर्शाने कळे. हळूहळू तालमीबाहेरचे लोकही त्याच्याकडे येऊ लागले. झाडावरून पडलेली पोरे, बैलाने ढुशी दिलेले शेतकरी, गुऱ्हाळावर हात सापडलेले मजूर असे सगळे त्यांत असत. हाड बसवण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, असा दंडक पुष्कळ घराण्यांनी पाळला. नारळ आणि पानसुपारी ठेवली की मोबदला पुरा होई.

या लोकविद्येच्या मागे ग्रंथांचीही एक धारा होती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात भग्नाचे निदान आणि चिकित्सास्थानात त्याची चिकित्सा स्वतंत्र अध्यायांत आली आहे. हाड मधेच मोडणे आणि सांधा निखळणे हे दोन वर्ग तिथे वेगळे केले असून पहिल्याचे बारा आणि दुसऱ्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. मोडलेला अवयव ओढून सरळ करावा, टोके जुळवावीत, वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन अशा झाडांच्या साली किंवा बांबूच्या कामट्या लावून तो बांधावा, असा क्रम आहे. थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी बंध सोडून पुन्हा बांधावा, असेही सांगितले आहे. बंध सैल असेल तर सांधा स्थिर राहत नाही आणि फार आवळला तर सूज येते, वेदना वाढतात, हा इशाराही तिथे आहे. मांडी किंवा नडगी मोडलेल्या रुग्णासाठी फळीची शय्या करून पाच ठिकाणी खुंट्या माराव्यात, म्हणजे पाय हलणार नाही, ही सूचना तर आजही वाचणाऱ्याला थांबवते.

याच अध्यायात वयाचा विचार आहे आणि या लेखाच्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा आहे. तरुण वयात भंग महिन्याभरात स्थिर होतो, मध्यम वयात दुप्पट आणि उतारवयात तिप्पट काळ लागतो, असे सुश्रुत सांगतो. कृश आणि वृद्ध माणसाचे भंग त्याने कष्टसाध्य मानले आहेत, तर कटीच्या भागातील काही भंग असाध्य ठरवून सोडून दिले आहेत. म्हाताऱ्याचे हाड वेगळे असते, ही जाण इतकी जुनी आहे. मात्र ते वेगळे का असते आणि त्यासाठी काय करता येईल, या प्रश्नांची उत्तरे मिळायला विसावे शतक उजाडावे लागले.

घरगुती उपचारांत कोल्हापूर परिसराचा स्वतःचा हातखंडा होता. मुका मार आणि मुरगळ यांवर आंबेहळद, रक्ताबोळ आणि तुरटी यांचा गरम लेप घालत. हाड मोडले तर उडदाचे पीठ आणि अंड्याचा बलक किंवा पांढरे एकत्र फेटून ते कापडाच्या पट्ट्यांवर थापत आणि वरून कामट्या बांधत. वाळल्यावर हा थर कडक होई, म्हणजे प्लॅस्टरचेच काम करी. पोटात कांडवेलीचा रस किंवा लाक्षादी गुग्गुळ देत. कांडवेलीवर आधुनिक प्रयोगशाळांतही काम झाले आहे आणि प्राण्यांवरील काही प्रयोगांत हाड लवकर जुळल्याचे दिसले आहे. तरी वृद्धांच्या ठिसूळ हाडांवर ती एकटी पुरेल, असा पुरावा नाही. आहारात पायाचा रस्सा, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, नाचणीची आंबील आणि दूध यांवर भर असे. यांतली नाचणी खरोखर गुणाची आहे, कारण १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पायाच्या रश्शात कॅल्शियम लोक समजतात त्याहून फार कमी उतरते. मोडलेल्या माणसाला त्यातून गरम, चविष्ट अन्न पोटात जाते, हा त्याचा खरा लाभ. दुधाच्या बाबतीत तर हे शहर भाग्यवान. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध पिण्याची रीत अजून आहे, आणि पैलवानांच्या खुराकामुळे दुधाला इथे जी प्रतिष्ठा मिळाली ती इतर शहरांत क्वचितच दिसते.

राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८९४ ते १९२२ या काळात, कुस्तीला राजाश्रय मिळाला आणि त्याबरोबर हाड बसवणाऱ्या हातांनाही. महाराजांनी १९०२ मध्ये युरोपचा प्रवास केला, रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले आणि त्या धर्तीवर खासबागेत कुस्तीचे मैदान बांधून घेतले. १९१२ मध्ये ते पुरे झाले. उत्तरेतून पंजाबी मल्ल येऊ लागले, पेठापेठांत तालमी भरभराटीला आल्या आणि मार लागण्याचे प्रमाणही वाढले. हाडवैद्यांची कीर्ती मुख्यतः या काळातली आहे. मात्र ती कीर्ती कोणत्या हाडांवर मिळाली, हे नीट पाहिले पाहिजे. आखाड्यात मोडणारे हाड विशी-पंचविशीतल्या, दूध-तुपावर पोसलेल्या, उन्हात घाम गाळणाऱ्या माणसाचे असे. ते मोठ्या जोराने मोडे आणि टोके जुळली की जोमाने सांधे. सांधा निखळला असेल तर एका झटक्यात काम होई आणि लोकांना चमत्कार वाटे. वस्तादाचे कौशल्य खरे होते, पण त्याला तरुण हाडाची साथही तितकीच होती.

म्हाताऱ्या माणसाची गोष्ट निराळी. सत्तरीतली बाई न्हाणीघरात घसरते, तळहातावर पडते आणि मनगट वाकडे होते. किंवा उंबऱ्याला अडखळून कुशीवर पडते आणि तिला उठताच येत नाही, पाय आखूड होऊन बाहेरच्या बाजूला वळतो. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडावे इतके ते आतून पोकळ झालेले असते. अशा हाडाला ओढ देऊन चोळले तर तुकडे आणखी विखुरतात. आवळून बांधले तर पातळ कातडी फाटते आणि रक्त अडून बोटे काळी पडण्याचा धोका असतो. खुब्याच्या भंगात तर बाहेरून बांधण्यासारखे काही नसतेच. म्हणून खुबा मोडलेल्या म्हातारीला घरच्यांनी अंथरुणावर ठेवावे, कुशी बदलावी, आणि पाठीला फोड, छातीत कफ, लघवीचा जंतुसंसर्ग अशा वाटेने काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तिचा शेवट व्हावा, हे इतके ठरून गेलेले होते की लोक त्याला आजार मानतच नसत. पडणे आणि अंथरूण धरणे हा म्हातारपणाचा भाग समजला जाई. या समजुतीने जितक्या बायकांचे हाल केले, तितके कोणत्याही चुकीच्या बांधणीने केले नसतील.

पाश्चात्त्य वैद्यक कोल्हापुरात संस्थानच्या दवाखान्यातून आले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात उभे राहिलेले आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल हे त्याचे मुख्य केंद्र. टाउन हॉलच्या समोरची ही काळ्या दगडाची वास्तू जुन्या कोल्हापूरकरांच्या तोंडी ‘थोरला दवाखाना’ म्हणून राहिली. पुढे तिला छत्रपती प्रमिलाराजे यांचे नाव मिळाले आणि आज सगळे तिला सीपीआर म्हणतात. दुसरे केंद्र पन्नासेक किलोमीटरवर मिरजेला उभे राहिले. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उघडले. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झालेली होती, त्यामुळे फळीवर निजवलेला रुग्णही मिरजेपर्यंत नेणे शक्य झाले. शस्त्रक्रियेसाठी मिरजेला जायचे, ही या भागातली वहिवाट तेव्हापासूनची.

या दवाखान्यांच्या हाती तीन नवी साधने होती. पहिले प्लॅस्टर. डच लष्करी शल्यवैद्य अँटोनियस माथिजसेन याने १८५० नंतर प्लॅस्टर ऑफ पॅरिस चोळलेल्या पट्ट्या वापरात आणल्या होत्या. दुसरे क्ष-किरण, जे राँटगेनला नोव्हेंबर १८९५ मध्ये सापडले. तिसरे साधन म्हणजे टॉमसची चौकट, आणि तिचा इतिहास कोल्हापूरकरांना जवळचा वाटावा असा आहे. ह्यू ओवेन टॉमस हा लिव्हरपूलचा डॉक्टर वेल्समधल्या अनेक पिढ्यांच्या हाडवैद्य घराण्यात जन्मला होता. घराण्याचे हस्तकौशल्य आणि वैद्यकाचे शिक्षण या दोन्हींतून त्याने मांडीचे हाड स्थिर ठेवणारी चौकट तयार केली. पहिल्या महायुद्धात ती वापरल्यावर मांडीच्या हाडाच्या गोळीबारी जखमांतले मृत्यू प्रचंड घटले. तिकडे हाडवैद्याचा मुलगा डॉक्टर झाला आणि विद्या पुढे गेली. इकडे तालीम आणि दवाखाना एकमेकांपासून चार हात दूर राहिले. वस्तादाचा हात आणि क्ष-किरणाची काच एकाच खोलीत आली असती तर किती वाकडे हात-पाय सरळ राहिले असते, अशी हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

दवाखान्यांनीही बराच काळ मोडलेल्या हाडाकडेच पाहिले, थकलेल्या हाडाकडे नाही. याचे एक कारण लोकसंख्येत होते. १९५१ च्या सुमारास भारतात सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. बालमृत्यूंमुळे हा आकडा इतका खाली होता हे खरे, तरी सत्तरी गाठणारी माणसे थोडीच होती. आज ते सत्तरीजवळ आहे. थोरल्या दवाखान्याच्या पहिल्या पिढीने फार तर अधूनमधून पाहिला असेल असा रुग्ण आता अस्थिरोग विभागात रोजचा झाला आहे.

दुसरे कारण ज्ञानाचे. युरोपातही हा विषय हळूहळूच उलगडला. लंडनचे शल्यवैद्य अ‍ॅस्टली कूपर यांनी १८२० च्या दशकात म्हातारपणी हाडे पातळ होतात आणि खुबा त्यामुळे मोडतो, असे नोंदवले. स्ट्रासबर्गच्या जाँ लोब्स्टाइन यांनी १८३० च्या दशकात या सच्छिद्र हाडांना ऑस्टिओपोरोसिस हे नाव दिले. गुस्ताव पॉमर यांनी १८८५ मध्ये हाड कमी होणे आणि हाड मऊ होणे हे दोन वेगळे विकार असल्याचे दाखवले. पहिल्यात हाडाचा साठाच घटतो, दुसऱ्यात साठा असतो पण त्यात खनिज भरलेले नसते. १९४० च्या सुमारास बोस्टनच्या फुलर ऑलब्राइट यांनी पाळी थांबल्यानंतर इस्ट्रोजेन घटल्याने स्त्रियांची हाडे झिजतात, हे मांडले आणि पडणे-मोडणे हे नशीब नसून विकार आहे, हे वैद्यकाला पटू लागले.

हाड मऊ होण्याच्या विकाराच्या संशोधनात महाराष्ट्राचाही वाटा आहे. १९२२ मध्ये हचिसन आणि शाह यांनी नाशिकमधल्या कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पडद्यात राहणाऱ्या खात्यापित्या घरांतल्या मुलांत मुडदूस आढळला आणि उन्हात राबणाऱ्या गरिबांच्या मुलांत तो आढळला नाही. अन्न बरे असूनही ऊन नसेल तर हाड बिघडते, हा त्याचा अर्थ. ड जीवनसत्त्वाची ओळख जगाला तेव्हा नुकतीच होत होती. शंभर वर्षांनी, भरपूर ऊन असलेल्या या देशात ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्वत्र आढळते आणि घराबाहेर न पडणाऱ्या वृद्धांत ती विशेष असते. म्हणून इथल्या म्हाताऱ्या माणसाचे हाड पुष्कळदा दोन्ही बाजूंनी दुबळे असते, साठा कमी आणि आहे तोही नीट न भरलेला. पाश्चात्त्य देशांतल्यापेक्षा भारतात खुब्याचे भंग साधारण दहा वर्षे आधी होतात, असे तज्ज्ञ सांगत आले आहेत.

खुब्याच्या शस्त्रक्रियेने अंथरुणाचा शाप बराचसा उठवला. अमेरिकेत स्मिथ-पीटरसन यांनी १९३१ मध्ये खिळ्याने खुबा जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. नंतर ऑस्टिन मूर यांचा धातूचा गोळा आला आणि १९६० च्या दशकात जॉन चार्न्ली यांचा पूर्ण कृत्रिम सांधा. मोठ्या शहरांमागून या शस्त्रक्रिया मिरज-कोल्हापुरातही सर्रास होऊ लागल्या. सीपीआरला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जोडले गेल्यावर इथेच अस्थिरोगतज्ज्ञ घडू लागले. आता रुग्ण शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांत उभा केला जातो. तरीही खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी पाचातला निदान एक वर्षभरात दगावतो, हा जगभरचा अनुभव आहे. ठिसूळ हाडात स्क्रू धरत नाही, आणि एक हाड मोडले की दुसरे मोडण्याची शक्यता वाढते. शस्त्रक्रिया मोडलेल्या जागेपुरती असते. उरलेला सगळा सांगाडा तसाच राहतो.

त्या सांगाड्यासाठी औषध सापडले ते एका अनपेक्षित दिशेने. पाण्यातला क्षार पाइपांत साचू नये म्हणून वापरल्या जाणाऱ्या रसायनांच्या कुळातून स्वित्झर्लंडच्या हर्बर्ट फ्लाइश यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस बिसफॉस्फोनेट हा औषधवर्ग पुढे आणला. हाडात जुने पोखरून काढणाऱ्या पेशी आणि नवे घडवणाऱ्या पेशी जन्मभर आळीपाळीने काम करतात. म्हातारपणी पोखरण वाढते आणि घडण मागे पडते. बिसफॉस्फोनेट पोखरणाऱ्या पेशींना आवरते. यातले अ‍ॅलेंड्रोनेट १९९५ मध्ये अमेरिकेत ऑस्टिओपोरोसिससाठी मान्य झाले. आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर गोळी घ्यायची आणि अर्धा तास आडवे व्हायचे नाही, हा त्याचा नियम आता कोल्हापुरातल्या अनेक घरांत पाठ आहे. वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे झोलेड्रोनिक अ‍ॅसिड २००७ मध्ये आले, सहा महिन्यांनी घ्यायचे डेनोसुमॅब २०१० मध्ये. हाड नव्याने घडवणारे टेरिपॅराटाइड २००२ पासून आणि रोमोसोझुमॅब २०१९ पासून वापरात आहे.

पोखरण थांबवली तर मोडलेले हाड सांधेल का, हा प्रश्न तेव्हापासून डॉक्टरांना पडला, आणि तो रास्त होता. भंगाच्या जागी आधी रक्ताची गाठ बनते, दोन-तीन आठवड्यांत मऊ जोड येतो, मग तो कडक होतो आणि पुढे महिनोन्‌महिने त्याची कोरणी चालते. शेवटच्या टप्प्याला पोखरणाऱ्या पेशी लागतातच. आजवरच्या अभ्यासांचा कौल असा, की बिसफॉस्फोनेटमुळे जोड मोठा राहतो आणि कोरणी सावकाश होते, पण हाड जुळायला म्हणण्यासारखा उशीर होत नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या २,१२७ रुग्णांपैकी निम्म्यांना ९० दिवसांच्या आत झोलेड्रोनिक अ‍ॅसिड दिले गेले. त्यांच्यात नवे भंग ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. शस्त्रक्रियेनंतर दोन आठवडे थांबून आणि ड जीवनसत्त्वाची भर घालून मग इंजेक्शन द्यावे, हे त्यातून ठरले. आपल्याकडे ही भर आधी घालणे अधिकच गरजेचे, नाहीतर रक्तातले कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. टेरिपॅराटाइडने मनगटाचे भंग लवकर जुळतात का, हेही पाहिले गेले. २०१० च्या अभ्यासात २० मायक्रोग्रॅमच्या मात्रेने हा काळ ९.१ आठवड्यांवरून ७.४ आठवड्यांवर आला, पण दुप्पट मात्रेने तसा फरक दिसला नाही. त्यामुळे निव्वळ हाड लवकर जुळावे म्हणून ते देण्याचा आधार अजून पक्का नाही. उलट बाजूही नोंदवली पाहिजे. बिसफॉस्फोनेट बरीच वर्षे सलग घेतल्यास क्वचित मांडीचे हाड मधेच आडवे मोडते, म्हणून काही वर्षांनी फेरविचार करतात. डेनोसुमॅब मात्र मधेच सोडले तर मणक्यांचे भंग उसळून येऊ शकतात.

औषध लागू पडते आहे की नाही, हे रक्तात पाहण्याची सोय म्हणजे हाडांचे दर्शक. त्यांची सुरुवात १९२३ मध्ये झाली, जेव्हा रॉबर्ट रॉबिसन यांनी वाढत्या हाडात फॉस्फेट सुटे करणारे विकर असल्याचे दाखवले. आजच्या अल्कलाइन फॉस्फटेजच्या चाचणीचे मूळ ते. मग लघवीतले हायड्रॉक्सिप्रोलिन आणि १९७० च्या दशकात ऑस्टिओकॅल्सिन आले. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थांनी दोन दर्शक प्रमाण म्हणून निवडले. हाड घडताना रक्तात येणारे पी-वन-एनपी हा एक आणि हाड पोखरले जाताना येणारे सीटीएक्स हा दुसरा. सीटीएक्स सकाळी उपाशीपोटीच तपासावे लागते, कारण जेवणाने आणि दिवसाच्या वेळेने ते बदलते. बिसफॉस्फोनेट सुरू केल्यावर सुमारे तीन महिन्यांत सीटीएक्स उतरते. ते उतरले नाही, तर बहुधा गोळ्या डब्यातच पडून आहेत असे समजावे.

भंगानंतर मात्र हे दर्शक फसवतात. मोडलेली जागा स्वतःच घडण आणि पोखरण दोन्ही वाढवते, त्यामुळे पी-वन-एनपी आणि अल्कलाइन फॉस्फटेज आठवड्यांत चढतात आणि काही रुग्णांत वर्षभर चढलेले राहतात. म्हणून हाड मोडल्यावर दुसऱ्या महिन्यात केलेल्या एकाच तपासणीवरून ऑस्टिओपोरोसिसची तीव्रता ठरवणे चुकीचे आहे. पहिली नोंद भंगानंतर एक-दोन दिवसांत घ्यावी किंवा पुढे पुष्कळ थांबावे. हाड जुळते आहे की नाही, हे आजही क्ष-किरणाच्या चित्रावर आणि रुग्ण पायावर भार टाकू शकतो का यावरच ठरते. दर्शकांनी ते आधी सांगावे, यासाठी संशोधन चालू आहे.

निदानाची मोजपट्टी मात्र पक्की झाली आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हाडांची घनता मोजणारे डेक्सा यंत्र आले आणि १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ऑस्टिओपोरोसिसच्या निदानासाठी घनतेच्या टी-स्कोअरची उणे २.५ ही रेषा आखली. आता मोठ्या शहरांबाहेरही ही तपासणी होते आणि औषधांच्या स्वस्त भारतीय आवृत्त्या मिळतात. तरीही खुब्याची किंवा मनगटाची शस्त्रक्रिया होऊन घरी जाणाऱ्या वृद्धांपैकी बहुतेकांच्या हाती हाडांच्या औषधाची चिठ्ठी नसते, आणि हे जगभर असेच आहे. सांधा बसवला की काम झाले, ही जुनी समजूत अजून पुसलेली नाही. पन्नाशीनंतर साध्या पडण्याने कुणाचेही हाड मोडले, तर प्लॅस्टर किंवा शस्त्रक्रिया झाल्यावर घरच्यांनी डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराव्यात : हाडांची घनता आणि ड जीवनसत्त्व तपासायचे का, आणि पुढचे हाड मोडू नये म्हणून औषध केव्हा सुरू करायचे.